थोरलीची गादी

वसतिगृहात खाट मिळते, कपाट मिळतं, टेबलखुर्ची मिळते, पण गादी आपली आपण आणायची, असं थोरलीला फोनवर सांगण्यात आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

गादी आणायची म्हटल्यावर कुणाचा जीव भांड्यात पडतो, असं कुणी विचारेल. त्याला आमच्या घरातले आधीचे काही महिने ठाऊक नाहीत. कॉलेज कोणतं, विषय कोणता, शहर कोणतं, हे सगळं थोरलीने एकटीने ठरवलं. अर्ज तिने मोबाइलवर भरला. फी तिच्या आईने मोबाइलवर भरली. "मी सही कुठे करायची?" असं मी चष्मा पुसत विचारलं, तर म्हणाली, "बाबा, आता सही लागत नाही." इतकी वर्षं बापाची नोकरी इमानेइतबारे केल्यावर माणसाची सहीसुद्धा लागू नये, हे मनाला लागतंच. गादी मात्र मोबाइलवरून जात नाही. ती उचलावी लागते, आणि उचलायला बाप लागतो.

"तिथेच घेऊ ना विकत," बायको म्हणाली. "कॉलेजसमोर असतात दुकानं."

"पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार. निदान अंगाखालची गादी तरी ओळखीची असू दे."

 बायको त्या दिवसांत वादच घालत नसे. थोरलीचं कपाट उघडायची, त्याच्यापुढे उभी राहायची आणि काही न काढता बंद करायची. घरात कुणी आजारी असल्यासारखं सगळे हळू बोलत. धाकटा तेवढा मोठ्याने बोले, पण त्याला हळू बोलताच येत नाही. म्हणून तर आम्ही त्याला भोंगा म्हणतो.

थोरलीने एकदाच विरोध केला. "बाबा, मला लाज वाटेल."

"घरच्या गादीची लाज?"

"घरच्या गादीची नाही. गाडीच्या टपावरच्या गादीची."

पूर्वी राजघराण्यांत गादीपायी भावाभावांनी एकमेकांचे गळे कापले. माझ्यावर तेवढी वेळ आली नाही. पण ती कापसाची भरगच्च गादी खांद्यावर घेऊन जिना उतरताना एका वळणावर मी आणि गादी असे अडकलो की दोघांपैकी एकाला कापावं लागेल असं वाटलं. भोंग्याने खालून पाय ओढले तेव्हा मी सुटलो. कुणाचे पाय ते विचारू नये.

आमची गाडी लहान. आत ट्रंक, बादली, पुस्तकांचं खोकं आणि चार माणसं भरली की हवेलासुद्धा तिरकं बसावं लागतं. गादी टपावरच जाणार होती. ती मी खाली आणली आणि पाच मिनिटांत इमारतीतले सगळे जाणकार जमले. दुसऱ्या मजल्यावरचे पूलवाले काका हे निवृत्त अभियंते. त्यांनी बांधलेले पूल अजून उभे आहेत, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी गादीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वारा खालून शिरणार. हिचा पंख होणार. दोरी आडवी घ्या."

तळमजल्यावरच्या मामांचे एके काळी ट्रक होते. ते म्हणाले, "आयुष्य गेलं माल बांधण्यात. दोरी उभीच घ्यायची."

या दोघांचं गाडी लावायच्या जागेवरून जुनं वाकडं आहे. त्यामुळे प्रश्न गादीचा राहिला नाही, तत्त्वाचा झाला. शेवटी तडजोड अशी निघाली की पुढची बाजू पूलवाले काकांनी बांधायची आणि मागची मामांनी. म्हणजे माझी गादी पुढून विज्ञानाने बांधली गेली आणि मागून अनुभवाने. मधल्या भागाची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

तेवढ्यात समोरच्या वकीलबाई गॅलरीतून म्हणाल्या, "टपावर सामान न्यायला परवानगी लागते हो. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

मी कायदा पाळणारा माणूस. निघायला अजून काही दिवस होते. गादी पुन्हा सोडून वर नेली आणि अर्धी रजा टाकून वाहतूक कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "गादी हे सामान आहे की माल?"

"यात फरक काय?"

"स्वतःची असली तर सामान. पोचवायची असली तर माल."

"स्वतःचीच आहे, पण पोचवायची आहे."

त्याने मला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरच्या गादीला परवानगी लागत नाही."

"मग तसं लिहून द्याल का? रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवता येईल."

"लागते, असं आम्ही लिहून देतो. लागत नाही, असं लिहून द्यायची आमच्याकडे सोय नाही."

हे इतकं बरोबर होतं की मी त्यांचे आभारच मानले. मी रिकाम्या हाताने आलो. बायकोने काय झालं ते विचारलंही नाही. ती थोरलीच्या कपड्यांवर खुणा शिवत बसली होती.

निघायच्या सकाळी गादी पुन्हा खाली आली, काका आणि मामा पुन्हा आले आणि चहा पिऊन त्यांनी आपापली टोकं बांधली. दोरी टपावरून घेऊन खिडक्यांतून आत, आतून पलीकडे आणि पुन्हा वर, असे चांगले तिहेरी वेढे. मी पुढे होऊन गाडीचं दार उघडायला गेलो. ते उघडेना. दुसरं उघडेना. गादी टपाला बांधली होती तशीच दारंही गाडीला बांधली होती.

"सोडून परत बांधायची तर पुन्हा तासभर," मामा म्हणाले.

"खिडकीतून बसा. लहान मुलं तशीच बसतात," पूलवाले काका म्हणाले. या एका बाबतीत त्या दोघांचं एकमत झालं.

भोंगा आनंदाने आत गेला. बायको गेली, ती कशी गेली हे सांगायची मला परवानगी नाही. मग थोरलीची पाळी आली. सगळी इमारत गॅलरीत होती. तिला निरोप द्यायलाच आली होती बिचारी. ज्या मुलीचं सगळ्यांनी बारशापासून कौतुक केलं ती पाय आधी की डोकं आधी याचा विचार करत खिडकीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तरी बरं वाटलं असतं. ती फक्त थकल्यासारखी दिसली. आत गेल्यावर तिने कानात इअरफोन घातले आणि गॅलऱ्यांकडे न बघता हात हलवला.

शहर संपलं. मी वातावरण हलकं व्हावं म्हणून ही एक सहलच आहे असं जाहीर केलं आणि गाण्याच्या भेंड्या सुचवल्या. भोंग्याने सुरू केल्या, स्वतःच अक्षर दिलं, स्वतःच गायला आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर थांबला. त्याचा आवाज थांबला की समजायचं, पोटात ढवळतंय. बायकोने मागे वळून त्याला खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर काढलं, थोरलीने त्याचे पाय धरले आणि मी गाडी कडेला घेत होतो तोवर व्हायचं ते झालं. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची मी काचेतून हात जोडून क्षमा मागितली. त्याने जे उत्तर दिलं त्यात माझ्या सात पिढ्यांचा उल्लेख होता.

"ताई, तू गेल्यावर माझे पाय कोण धरणार?" भोंग्याने तोंड पुसत विचारलं.

तिच्या कानात इअरफोन होते. तिला ऐकू आलं की नाही कळलं नाही. पण ती त्याच्या बुटांचे बंद बांधत होती, आणि ते सुटलेले नव्हते.

घाट उतरलो आणि एका हवालदाराने हात केला.

"खाली उतरा."

"उतरता येत नाही."

"काय म्हणालात?"

मी कारण सांगितलं. त्याने दोरीचे वेढे पाहिले, आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "कसे बसलात तसे उतरा." खिडकीतून आत जाणं आणि बाहेर येणं यात फार फरक आहे. आत जाताना माणूस स्वतःच्या मर्जीने जातो. मी खांद्यापर्यंत आलो आणि पोटापाशी थांबलो. तशा अर्ध्या अवस्थेतच चौकशी सुरू झाली. माझे हात जमिनीच्या दिशेने लोंबत होते आणि परवाना मागच्या खिशात होता.

"टपावर काय आहे?"

"गादी."

"परवानगी?"

"लागत नाही म्हणाले."

"तसं लिहून दिलंय?"

मला हसू आलं असतं, पण त्या आसनात हसता येत नाही. मग थोरलीने इअरफोन काढले. "काका, मला होस्टेलवर सोडायला चाललेत. पहिलंच वर्ष आहे. बाबांनीच आणलीये गादी. मी नको म्हणत होते."

 हवालदाराने काखेत हात घालून मला बाहेर ओढलं, कपड्यांवरची धूळसुद्धा झटकली. "माझी गेली गेल्या वर्षी," तो म्हणाला. "आता फोन करते तो आईला. मी शेजारी बसून ऐकतो." मग त्याने गादीच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, नापसंतीने मान हलवली आणि पुढच्या दोन गाठी सोडून आपल्या पद्धतीने पुन्हा आवळल्या. मी आभार मानून खिडकीतून आत गेलो.

आता गादीला तीन विचारसरणींची गाठ बसली होती. पुढचं सांगायला नकोच. पण मला ते कळलं नाही. मला एवढंच कळत होतं की लोक फार प्रेमळ झाले आहेत. शेजारून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत, हात करत. मीही हात केला. एका बसमधले सगळे प्रवासी आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. "बघ," मी थोरलीला म्हणालो, "तुला लाज वाटत होती. लोकांना कौतुक वाटतंय." भोंग्याने सगळ्या बसला टाटा केला.

पेट्रोल पंपावरच्या बाईने नळी लावता लावता विचारलं, "टपावर नुसती दोरी कशाला बांधलीये?"

आम्ही मागे फिरलो. त्या परतीच्या रस्त्यावर माझ्या मनाची जी अवस्था होती ती मी कुणाला सांगितली नाही. माझ्याकडे एकच काम होतं, गादी पोचवायचं. बायकोने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी म्हणाली, "सापडेल." ती अशा आवाजात म्हणाली की ती गादीबद्दल बोलत नसावी असं वाटलं.

सापडली. रस्त्यालगत एक बसथांबा होता, त्याला छप्पर होतं पण बाक नव्हता. गादी तिथे व्यवस्थित पसरलेली होती. तिच्यावर पाच-सहा माणसं चपला खाली काढून बसली होती. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते आणि मधोमध एका बाईचं तान्हं मूल झोपलं होतं. इतकी वर्षं त्या थांब्यावर ही सोय का नव्हती, असं वाटावं असा तो देखावा होता.

मी खिडकीतून बाहेर पडलो आणि घसा साफ करून म्हणालो, "ही गादी आमची आहे."

म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली घेतला. "कशावरून?"

"आमच्या गाडीवरून पडली."

"गाडीवर तर दोरी दिसतेय," ते म्हणाले. "गादी पडते आणि दोरी तशीच राहते? खूण सांगा."

"निळे पट्टे आहेत."

"ते आम्हालाही दिसतायत. सगळ्याच गाद्यांना निळे पट्टे असतात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्या गादीचा पुरावा द्यायची वेळ येईल असं आयुष्यात कधी वाटत नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. घरातली गादी रोज उचलतो, टाकतो, उन्हात घालतो, पण तिच्याकडे बघतो कोण?

तेव्हा थोरली खिडकीतून उतरली, गादीपाशी आली आणि चवड्यावर बसली. "डाव्या कोपऱ्यात आत चमचा आहे," ती म्हणाली. "छोटा. मी पहिलीत असताना शिवणीतून आत ढकलला होता."

एका काकूंनी कोपरा चाचपला. सगळे थांबले. "आहे," त्या म्हणाल्या. "खरंच आहे."

"तो चमचा," बायको म्हणाली, आणि तिनेही कोपरा चाचपला. आमच्याकडच्या सहा चमच्यांच्या संचातला एक केव्हापासून बेपत्ता होता. पाहुणे सहा आले की बायको अजून त्याचं नाव काढते.

"टोचत नाही का झोपल्यावर?" मी विचारलं.

"टोचतो ना. पाठीला."

"मग काढला का नाहीस?"

"सवय झाली," थोरली म्हणाली.

ते मूल उठेपर्यंत आम्ही थांबलो, कारण त्याच्या आईने तशी विनंती केली आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मग म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतः दोरी कापली, दारं उघडली आणि गादी गुंडाळून पुन्हा बांधून दिली, अशी साधी की तिथून पुढे ती जागची हलली नाही. मला त्याचं कौतुक करवेना. काका आणि मामांना हे सांगायचं नाही, एवढं मात्र ठरवलं.

वसतिगृहावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. फाटकावर एक पहारेकरी बाई स्टुलावर बसली होती आणि तिच्यामागे वसतिगृहाच्या प्रमुख बाई उभ्या होत्या. त्यांनी थोरलीकडे पाहून मान हलवली, गादीकडे पाहून नकारार्थी हलवली.

"कापसाची चालत नाही. फोमची लागते."

"फोनवर नुसती गादी म्हणालात," मी म्हणालो.

"कापसाच्या गादीत ढेकूण येतात."

"आमच्या गादीत ढेकूण?" मी आवाज चढवला. सबंध दिवसात मी पहिल्यांदाच आवाज चढवत होतो. "ही गादी दर महिन्याला उन्हात पडते. हिच्यावर आजारी माणूस झोपलेला नाही. ही..."

"बाबा," थोरली म्हणाली.

"सगळे वडील हेच म्हणतात," बाई म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. वर्षानुवर्षं फाटकाशी उभं राहून वडील ऐकलेल्या माणसासारखं बोलल्या. "आणि तुम्हाला आत येता येणार नाही. आईंना चालेल."

रस्त्याच्या पलीकडे दुकान होतं. बायको म्हणाली होती तसंच. थोरली एकटी गेली, मोबाइल दाखवला आणि काखोटीला मारता येईल अशी एक पिवळी घडी घेऊन आली. सगळं मिळून माझा बूट काढून त्यातला खडा झटकण्याएवढाही वेळ गेला नाही. मी बादली आणि ट्रंक फाटकापर्यंत नेली. तिथून पुढे त्या दोघींनी नेली.

मी, भोंगा आणि गादी बाहेर राहिलो. पहारेकरी बाई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "परत नेणार?"

मी तिच्या मागच्या खोलीत डोकावलो. आत एक लोखंडी खाट होती आणि तिच्यावर घोंगडी. मी गादी आत नेली आणि खाटेवर टाकली. बसली बरोबर. "डावा कोपरा पायाकडे ठेवा," मी म्हणालो. तिने का ते विचारलं नाही.

बाहेर येऊन वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत थोरली उभी. मी हात केला. तिनेही केला. सकाळपासून मी एक छोटं भाषण मनात जुळवत होतो, स्वावलंबन वगैरे. फाटकावर ते राहूनच गेलं होतं. एवढ्या लांबून ओरडणं शोभत नाही, म्हणून मी खुणांनी सांगायला लागलो. वेळेवर जेव, म्हणून हात तोंडाशी नेला. झोप, म्हणून गालाखाली तळवे ठेवले. ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नकोस, हे खुणेने सांगणं अवघड असतं, पण मी डोक्यावर बोट गरगर फिरवून तेही सांगितलं. ती प्रत्येक खुणेला मान डोलावत होती. घरी इतकं शहाण्यासारखं तिने माझं कधी ऐकलं नव्हतं. 

"ती ताई नाही," भोंगा म्हणाला.

"गप्प बस."

"बाबा, कुणाला हात करताय?" मागून थोरली म्हणाली.

ती बायकोबरोबर फाटकाशी उभी होती. तिची खोली मागच्या बाजूला होती. मी हात खाली घेतला. अंगावर घोंगडी ओढून कुठेतरी पडावं असं वाटलं. सगळ्या दिवसात शिल्लक राहिलेली इज्जत मी एका परक्या मुलीला पंख्याच्या खुणा करण्यात घालवली होती.

थोरलीने वर पाहिलं. "ती माझ्या शेजारच्या खोलीतली आहे," ती म्हणाली. "काल आली. बसने, एकटीच. तिला सोडायला कुणी आलं नव्हतं म्हणाली."

खिडकीतल्या मुलीचा हात अजून वरच होता. आता काय करावं हे तिला कळत नसावं.

"बाबा, करा ना हात," थोरली म्हणाली. "ती थांबलीये."

मी केला. बायकोने केला. भोंग्याने दोन्ही हात केले आणि मोठ्याने, "नीट राहा," असं ओरडला. आसपासच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. थोरली माझ्याजवळ सरकली, माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "फोन मी तुम्हाला करीन. आईला तुम्ही सांगा." मग ती आत गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही. मी पाहत होतो, म्हणून सांगतो.

परत येताना बायको मागे भोंग्याजवळ बसली. पुढची जागा रिकामी होती. कोपऱ्यावर वळताना भोंग्याने सांगितलं की ती खिडकीतली मुलगी अजून हात करतेय. मी म्हणालो, "तूही कर." आणि गाडी जरा सावकाश घेतली.